बुरुजावरची वीस वर्षं

एका गावात एक बुरूज होता, आणि त्या बुरुजाचा हेवा करणारा एक शिपाई होता.

गावाचं नाव रुईपेठ. एका लहानशा संस्थानातलं हे कापसाच्या व्यापाराचं गाव. पौष लागला की चहूबाजूंनी बैलगाड्या येत. वखारी छपरापर्यंत भरत, आणि वखारीत जागा उरली नाही की अंगणात, ओसरीवर, रस्त्याच्या कडेलासुद्धा कापसाच्या गंजी लागत. अशा गावाला दोन भयं असतात. एक चोराचं, दुसरं आगीचं. चोरासाठी संस्थानाने चौकी ठेवली होती आणि आगीसाठी बंबखाना.

शिपायाचं नाव सुभानजी. त्याची नेमणूक पूर्वेच्या नाक्यावर होती. येणारी गाडी थांबवायची, आत हत्यार लपवलेलं नाही ना हे पाहायचं, पिऊन आलेल्याला माघारी लावायचं, गाडीवानांची भांडणं सोडवायची. अशाच एका भांडणात त्याच्या कपाळावर काठी बसली होती. तिचा व्रण भुवईपासून केसांपर्यंत होता. माणूस कामाला चोख. नाक्यावरून त्याची नजर चुकवून कोणी गेला, असं वीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

पण नाक्यावरून मान वर केली की समोर बुरूज दिसे. बुरुजावर चार खांबांचं छप्पर, छपराखाली नगारा, आणि नगाऱ्यामागे बसलेला निंबाजी.

निंबाजी बंबखान्याचा टेहळ्या. गावात कुठे धूर दिसला तर नगारा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. नगारा ऐकला की बंबवाले धावत. रात्री कापसाजवळ दिवा नेण्याची बंदी होती, म्हणून खरी पाळी दिवसाची. ती निंबाजीची.

सुभानजी आणि निंबाजी एका आळीतले, एका वयाचे. दोघे एकाच गुढीपाडव्याला नोकरीस लागले. त्या दिवशी चौकीत एक जागा होती आणि बुरुजावर एक. सुभानजीने पितळी बिल्ल्याचा पट्टा पाहिला आणि चौकी मागून घेतली. निंबाजीला तो म्हणाला होता, "जा, बस जा कावळे मोजत." दोघेही हसले होते.

वीस वर्षांनी ते हसणं सुभानजीच्या घशात अडकलं. कारण संस्थानाचा नियम असा होता: चौकीच्या शिपायाला पंचवीस वर्षं भरल्यावर पेन्शन, आणि बंबखान्याच्या माणसाला वीस वर्षं भरल्यावर. निंबाजी बंबखान्याचा. म्हणजे येत्या पाडव्याला निंबाजी पेन्शनीत निघणार होता. त्याला दरबारात शेला मिळणार होता, जन्मभर घरबसल्या अर्धा पगार मिळणार होता. आणि सुभानजीला अजून पाच उन्हाळे नाक्यावर उभं राहायचं होतं.

ज्याचा बंबाशी संबंध, तो आगीत शिरतो, त्याला वीस वर्षं ठीक. हे सुभानजीला पटत होतं. पण निंबाजी कुठे आगीत शिरला होता? त्याच्या मिशीचा एक केस कधी जळला नव्हता.

हेवा ही मोठी मेहनतीची गोष्ट आहे. सुभानजीने ती मेहनत घेतली. निंबाजी दिवसातून किती वेळा उभा राहतो हे तो पाहू लागला. निंबाजीने भाकरीचं फडकं सोडलं की त्याला नाक्यावरून दिसे. वर वारा असे, तेव्हा छपराच्या गवताची काडी हलताना दिसे, आणि इथे खाली वाऱ्याचा पत्ता नसे. पाऊस आला तर निंबाजीच्या डोक्यावर छप्पर, सुभानजीच्या डोक्यावर घोंगडं. तो गाडीवानांना थांबवून विचारी, "वर बघ. काय करतोय तो?"

"बसलाय," गाडीवान म्हणे.

"हां. त्याला पगार आहे त्याचा."

घरी त्याची बायको ठकूबाई ऐकून ऐकून कंटाळली. एकदा ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "अहो, त्याच्या भाकरीकडे बघत बघत तुमची गार होते रोज. जेवा तरी."

"तुला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? त्याला सुटका मिळणार म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. ओवा देऊ?"

माघ शुद्ध एकादशीला पेन्शनीची यादी चौकीच्या भिंतीवर लागली. निंबाजीचं नाव तिसरं होतं. सुभानजीने ती यादी येता-जाता वाचली. चौथ्या दिवशी त्याने धुतलेला डगला घातला, बिल्ला चिंचेने घासला आणि तो दिवाणसाहेबांच्या कचेरीत जाऊन उभा राहिला.

दिवाणसाहेब म्हातारे होते, कमी बोलत आणि तपकीर जास्त ओढत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं म्हणणं असं, की बसण्याला काम म्हणू नये."

"होय सरकार. जिवावर उदार होतो त्याला लवकर पेन्शन असावी. सावलीत बसतो त्याला कशाला?"

"मग बस," दिवाणसाहेब म्हणाले.

सुभानजीला कळेना, म्हणून तो जमिनीवर बसू लागला. दिवाणसाहेबांनी हात हलवला. "इथे नव्हे. बुरुजावर. उद्या पौर्णिमा. उद्यापासून रंगपंचमीपर्यंत तू बुरुजावर बसशील आणि निंबाजी तुझ्या नाक्यावर उभा राहील. रंगपंचमीला दोघांनी माझ्यासमोर यायचं. बुरुजावर काही काम नाही, असं तू सांगितलंस आणि ते खरं ठरलं, तर निंबाजीचं नाव यादीतून काढीन. त्यालाही पंचवीस वर्षं लावीन. आणि तुझं नाका सांभाळणं बुरुजाहून कठीण ठरलं म्हणून तुला याच पाडव्याला सोडीन."

सुभानजी कचेरीच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याला आपले गुडघे दुखतात याची आठवणच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाजी त्याला बुरुजावर घेऊन गेला. यादीवरून निंबाजीचं नाव पुसायला सुभानजी निघाला आहे, हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं. निंबाजीने त्याबद्दल शब्द काढला नाही. नगाऱ्याच्या टिपऱ्या त्याच्या हातात देऊन तो म्हणाला, "सुभान्या, धूर कुठून येतो ते मागाहून बघ. आधी कसा चढतो ते बघ. चुनाभट्टीचा पांढरा, काठीसारखा सरळ. कुंभाराच्या आव्याचा काळा, एकदम उसळतो आणि मग बसतो. भडभुंज्याचा तुटक तुटक. आणि कापसाचा—"

"मला धूर शिकवतोस? माझ्या आईने जन्मभर ओल्या लाकडांवर स्वयंपाक केलाय."

"ऐक तरी. कापसाचा धूर वर चढत नाही. निळसर असतो, ताकाच्या निवळीसारखा पातळ. जमिनीलगत सरपटतो. कापूस आधी आतून जळतो. ज्वाला दिसेपर्यंत थांबलास तर उशीर झाला."

"बरं, बरं. तू जा. नाक्यावर खोळंबा झाला असेल. आणि उभा राहा हां, बसू नकोस. तिथे बसायला काही नाही."

निंबाजी जिना उतरून गेला.

पहिले आठ दिवस सुभानजीच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. तो बसला. पाय लांब करून बसला, मग मांडी घालून बसला, मग खांबाला टेकून बसला. वारा येई. भाकरी कोणी मध्येच हाक न मारता संपे. खाली नाक्यावर निंबाजी गाड्यांमध्ये उभा दिसे, कधी एका पायावर भार देई, कधी दुसऱ्या. ते पाहून सुभानजीला भाकरी जास्त गोड लागे. 'वीस वर्षं हे!' तो मनात म्हणे. 'आणि वर पेन्शन!' त्याला निंबाजीच्या आजच्या दिवसांचाच नव्हे, मागच्या सगळ्या वीस वर्षांचा हेवा वाटू लागला. एकेक पावसाळा आठवून तो हेवा करी.

नवव्या दिवशी कुंभारवाड्यातून काळा धूर उसळला.

सुभानजी उठला, त्याने टिपऱ्या उचलल्या आणि जीव खाऊन नगारा बडवला. बंब घडघडत निघाला. बंबवाले कुंभारवाड्यात शिरले आणि समोर जे तापलेलं दिसलं त्यावर त्यांनी पाणी सोडलं. तो राहीबाई कुंभारणीचा आवा होता. आत उन्हाळ्याच्या विक्रीचे सगळे माठ भाजायला लावलेले. गार पाणी पडताच ते एकामागून एक फुटले. आवाज बुरुजापर्यंत आला.

मागाहून राहीबाईही आली. ती अर्धा जिना चढली आणि तिथूनच ओरडली, "शिपाईदादा, वीस वर्षं निंबाजीभाऊ तिथं बसलाय, माझ्या आव्याला कधी पाण्याचा थेंब लागला नाही. तुम्हाला आवा कळत नाही? तुम्ही काय कच्च्या मडक्यात पाणी पिता?"

"बाई, धूर दिसला—"

"धूर दिसला! उद्या माझ्या नवऱ्याची चिलीम दिसेल. तेव्हाही बंब पाठवा!"

दुसऱ्या दिवसापासून गावाला विषय मिळाला. बुरुजाखालून जाणारी बाई वर पाहून म्हणे, "नाईक, घरी आमटीला फोडणी देतेय हां, नगारा वाजवू नका." हमाल विडी पेटवण्याआधी बुरुजाला हात जोडत. सुभानजी वरून हसल्यासारखं करी. पण त्या दिवसापासून धूर दिसला की तो आधी खाली रस्त्यावर कोण आहे ते पाहू लागला.

आणि धूर तर सारखा दिसे. पहाटेच्या चुली, दुपारच्या चुली, चुनाभट्टी, भडभुंजा, तेल्याचा घाणा, नदीकाठचं स्मशान. वीस वर्षं त्याने गाव खालून पाहिलं होतं, तेव्हा त्याला ते दगडामातीचं वाटलं होतं. वरून पाहताना गाव धुराचंच बनलेलं दिसे. एकाकडे पाहावं तर पाठीमागे दुसरा निघे. नाक्यावर एका वेळी एकच गाडी येई. तिला थांबवता येई. इथे काहीही थांबवता येत नव्हतं. डोळा मिटायची चोरी. फाल्गुनाचं ऊन गच्च्यांवरून आणि नदीवरून उलटं डोळ्यांत येई. विसाव्या दिवसापासून डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डोळे मिटले तरी आत काळे ठिपके हलत राहत.

ठकूबाईने डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या. "निंबाजीभावजींना विचारा की काय करायचं. तीन घरं पलीकडे तर राहतात."

"त्याला विचारू? म्हणजे काम आहे असं मीच कबूल करू?"

एका संध्याकाळी निंबाजीनेच त्याला आळीत गाठलं. "कसं चाललंय वर?"

"मजेत," सुभानजी म्हणाला. "झोपा काढतोय."

निंबाजी म्हणाला, "बरं," आणि लंगडत घरी गेला.

होळी पौर्णिमा झाली. दुसरा दिवस धुळवडीचा. रंगपंचमीला चार दिवस उरले होते. चार दिवस गप्प बसून काढायचे आणि दिवाणसाहेबांसमोर एक वाक्य बोलायचं, एवढंच बाकी होतं.

धुळवडीच्या सकाळी प्रत्येक चौकात आदल्या दिवशीच्या होळीची राख धुमसत होती. गावभर पातळ धुराचे सतरा-अठरा पदर लोंबत होते. माणसं राख फासून फिरत होती. साडेनऊच्या सुमारास सुभानजीला पश्चिमेच्या वखारींपाशी धूर दिसला. निळसर. पातळ. तो वर चढत नव्हता.

त्याने टिपऱ्या उचलल्या.

पण त्या वखारीशेजारीच पश्चिमेच्या चौकाची होळी होती. राखेचाच धूर असेल. आणि नसला तर? आणि असला तर? धुळवडीच्या दिवशी होळीवर बंब पाठवला तर गाव हसून हसून लोळेल. त्याला राहीबाईचा आवाज ऐकू आला. आणखी एक गोष्ट त्याला आठवली, ती त्याने पुढचे चार दिवस कोणाला सांगितली नाही. निंबाजीने कापसाच्या धुराबद्दल जे सांगितलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवलं, आणि 'याचंच ऐकून मी नगारा वाजवू काय' असं त्याच्या मनात आलं.

त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या.

खाली वखारीच्या रस्त्यावर दोन गाड्या आल्या. माल उतरला. गाडीवानांनी बैलांना पाणी पाजलं. गाड्या परत गेल्या. मग वखारीच्या कौलांतून ज्वालेची जीभ बाहेर आली.

तेव्हा नगारा वाजला.

दोन वखारी गेल्या. तिसरी वाचली. पुतळाजी नावाचा बंबवाला जळत्या वखारीतून एका हमालाला ओढून बाहेर आला. हमाल जगला, पण तापलेला अडसर उचलताना पुतळाजीचे दोन्ही तळहात जळून बोटं एकमेकांना चिकटली. अकरा वर्षांची त्याची नोकरी होती.

संध्याकाळी लोक सुभानजीकडे आले. "तुम्ही नगारा केलात म्हणून तिसरी वखार वाचली." त्या वखारीच्या मालकाने पेढे पाठवले. सुभानजीने पुडा उघडला नाही. लोक आणखीही बोलत होते. नगारा वेळेवर झाला, तर दोन वखारी जळल्या कशा? बंबवालेच उशिरा पोहोचले. धुळवड खेळत बसले असतील. भांग प्यायले असतील.

सुभानजी गप्प राहिला. पण निंबाजीला काही संशय तर आला नाही ना, हे पाहायला म्हणून तो तीन घरं पलीकडे गेला.

निंबाजी ओसरीवर कढत पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसला होता. घोटे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. "कोण?" त्याने विचारलं. सुभानजी हातभर अंतरावर उभा होता.

"मी. सुभान. एवढा उजेड आहे, दिसत नाही होय?"

"लांबचं दिसतं रे. चुनाभट्टीवर माणसं किती आहेत ते आत्ता सांगतो. हातभर अंतरावरचं गेलं. नाक्यावर गाड्या चाचपूनच तपासतो. तुझं तोंड म्हणजे मला नुसती सावली." निंबाजीने तांब्यासाठी हात फिरवला. तांब्या वीतभर बाजूला होता. सुभानजीने तो त्याच्या हातात दिला.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. आधी डोळ्यांतून पाणी येतं. तुला येत असेल आता. मग एक दिवस पाणी यायचं थांबतं. आपल्याला वाटतं, बरं झालं. तेव्हा समजायचं की गेलं." तो पाणी प्याला. "लांबचंही जाईल. ते जायच्या आत वरचा माणूस बदलावा म्हणून वीस वर्षं. माझ्या सोयीसाठी थोडीच आहे ते? गावाच्या सोयीसाठी आहे."

सुभानजीने तांब्या परत घेऊन त्याच्या हाताशी ठेवला.

"धूर कसा होता रे पहिल्यांदा?" निंबाजीने सहज विचारलं.

"काळा," सुभानजी म्हणाला. "एकदम काळा आला."

निंबाजी त्याच्याकडे तोंड करून बसून राहिला. न दिसणारे डोळे इतका वेळ आपल्यावर रोखलेले सुभानजीने कधी पाहिले नव्हते.

"बरं," निंबाजी म्हणाला.

रंगपंचमीला कचेरी भरली. एका बाजूला वखारींचे मालक, दुसऱ्या बाजूला बंबखान्याची माणसं. त्यांच्यामध्ये पुतळाजी, दोन्ही हात केळीच्या पानांत गुंडाळलेले. आधी त्याचाच विषय निघाला. दिवाणसाहेबांनी नियम वाचला: कामावर असताना जो जायबंदी होईल त्याला, वर्षं कितीही भरलेली असोत, पेन्शन मिळेल, मात्र अपघात त्याच्या किंवा त्याच्या तुकडीच्या कुचराईने झालेला नसावा. मालकांनी सांगितलं, कुचराईच आहे, बंब उशिरा आला. बंबखान्याचा जमादार म्हणाला, नगारा होताच आम्ही निघालो. ही भांडणं तासभर चालली. दिवाणसाहेबांनी तपकिरीची डबी बंद केली. "ते पाहू. आधी बुरूज आणि नाका. निंबाजी, तू बोल."

सुभानजी मनात म्हणाला, आता हा धुराचं सांगणार. ज्याचं नाव मी पुसायला निघालो, तो मला कशाला सोडील?

निंबाजी पुढे आला. "सरकार, पस्तीस दिवस मी पूर्वेच्या नाक्यावर उभा राहिलो. पहिल्या आठवड्यात पाय गेले. दुसऱ्या आठवड्यात एका दारुड्याने गळपट्टी धरली. मला तर सोडवूनही घेता आलं नाही. गाडीवानांनी सोडवलं. सुभानजीने वीस वर्षं हे केलंय, तेही कपाळावर काठी खाऊन. मला वर बसून वाटायचं, नाका म्हणजे काय, गाडी आली, गाडी गेली. नाक्याच्या शिपायांनाही वीस वर्षं करावीत, एवढं माझं मागणं आहे."

"बुरुजाबद्दल?"

"बुरुजाबद्दल तो सांगील. वर तो होता."

आणि निंबाजी मागे सरकला.

सुभानजीला वाटलं होतं, हेवा करण्यासारखं या माणसाजवळ आता काही उरलं नाही. डोळे नाहीत, पाय सुजलेले. पण त्या क्षणी त्याला वीस वर्षांतला सर्वांत मोठा हेवा वाटला. हे असं बोलणं आपल्याला का जमत नाही?

"सुभानजी, बुरुजावर काम आहे की नाही?"

नाही म्हणायचं, की पाडव्याला सुटका. ते एका शब्दाचं उत्तर त्याने पाच आठवडे जपून ठेवलं होतं. त्याने पुतळाजीच्या हातांकडे पाहिलं. पुतळाजीच्या नाकावर माशी बसली होती आणि त्याला ती हाकलता येत नव्हती.

"सरकार," सुभानजी म्हणाला, "बंब उशिरा आला नाही. नगारा उशिरा झाला."

बंबखान्याच्या जमादाराने मान वर केली.

"धूर निळा होता. जमिनीवर सरपटत होता. तो कापसाचा आहे हे मला निंबाजीने आधीच सांगितलं होतं. मी टिपऱ्या उचलल्या आणि खाली ठेवल्या. हसतील म्हणून ठेवल्या. आणि..." तो थांबला. "त्याचं खरं ठरू नये म्हणून ठेवल्या. दोन गाड्या माल उतरवून गेल्या तोवर मी बसून होतो. बसणं हे काम नव्हे, असं मी इथेच म्हणालो होतो. मी जे केलं ते काम नव्हतं. निंबाजी करतो ते काम आहे."

वखारींचे मालक एकदम बोलू लागले. दिवाणसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि निकाल सांगितला. पुतळाजीला आजपासून पेन्शन. निंबाजीचं नाव यादीत कायम. नाक्याच्या शिपायाचं वय आणि पाय पाहून वर्षं कमी करावीत की काय, हे महाराजांना विचारलं जाईल. तोपर्यंत प्रत्येक नाक्यावर एक बाक ठेवावा. "आणि सुभानजी, कुचराईला शिक्षा एक वर्षाची. तुला पंचवीस नव्हे, सव्वीस भरावी लागतील."

"होय सरकार."

"थांब. बुरुजाची जागा पाडव्याला रिकामी होतेय. हवी असेल तर तुला देतो. वर वारा चांगला असतो म्हणतात."

"नको सरकार!" सुभानजी इतक्या जोरात म्हणाला की बंबवाले हसले, आणि मग पुतळाजीही हसला.

पाडव्याला निंबाजीला शेला मिळाला. सुभानजी तेव्हा नाक्यावर होता. त्याला वाजंत्री ऐकू आली. त्याच्या मनात काहीच आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वीस वर्षांची सवय एका पाडव्याला जात नाही. पण त्याने वर मान केली, तेव्हा बुरुजावरच्या नव्या माणसाचे डोळे लाल झालेले असतील असं त्याला वाटलं, आणि ठकूबाईकडून दुधाच्या घड्या पाठवायला हव्यात, हेही आठवलं.

नाक्यावर बाक आला. त्यावर सुभानजी क्वचितच बसे. निंबाजी मात्र रोज सकाळी काठी टेकत येई, चाचपून बाकावर बसे, आणि दोघांचं कशावरून तरी भांडण चाले.

एक दिवस एका नव्या गाडीवानाने गाडी थांबवली आणि बाकाकडे डोळ्याने खुणावत तो सुभानजीला म्हणाला, "काय नाईक, तुम्ही आपले उन्हात उभे, आणि हा गडी भरपगारी देव झाल्यासारखा बसून. कसला हो पेन्शनवाला? याने केलं तरी काय असेल जन्मात?"

सुभानजीने गाडीची तपासणी थांबवली. "गाडी बाजूला घे," तो म्हणाला. "बैल सोड. आणि ये इथे. सांगतो, यानं काय केलं ते."

तात्पर्य: दुसऱ्याच्या विसाव्याचा हेवा करण्याआधी त्याच्या जागेवर बसून त्याची झीज पाहावी, कारण विसावा साऱ्या गावाला दिसतो, झीज ज्याची त्यालाच माहीत असते.